निकाली पुस्तकांची यादी

अर्जदार: दामोदर राघो राऊत, राहणार मौजे उमरोळी, तालुका पालघर. शिक्षण मराठी सातवी. परीक्षेस बसलो, गणिताने बाहेर काढले. धंदा कचेरीसमोर अर्जलेखन, आजतागायत अखंड.
प्रतिवादी: एक शब्द.
घटनेचे ठिकाण: पालघरचे वाचनालय, बोईसरचा बाजार आणि आमच्या घराची ओटी.
तारीख: कागदोपत्री उपलब्ध नाही. तारापूरला समुद्राकाठी विजेच्या केंद्राचे काम नुकते सुरू झाले होते आणि आमच्या वाडीत उकडहंडीचे दिवस होते, एवढे शपथेवर सांगतो.
साक्षीदार: १) यमुना, माझी आत्या, हयात. २) राघो राऊत, माझे वडील, मयत. ३) कांतिभाई, कापडाचे व्यापारी, वाचनालयाचे तेव्हाचे कार्यवाह, सध्याचा ठावठिकाणा माहीत नाही. ४) बोईसर बाजारातील उत्तरेकडचा एक मजूर, त्याचे नाव विचारून घेतले नाही, ही माझी चूक.

कोणतीही हकीकत सांगण्यापूर्वी माणसे, जागा आणि साक्षीदार एका बाजूला मांडून घ्यावेत, म्हणजे वाचणाऱ्या अधिकाऱ्याची वाट चुकत नाही, असा माझा शिरस्ता आहे. वाचक हाही एक प्रकारचा अधिकारीच असतो. बसल्या जागेवरून तो मंजूर किंवा नामंजूर करतो आणि कारण देत नाही. सबब माझ्या सतराव्या वर्षातील त्या काही महिन्यांची हकीकत मी माझ्याच पद्धतीने मांडणार आहे. माझ्या हातच्या अर्जाला साहेबांनी कधी 'मुद्दा समजला नाही' असा शेरा मारलेला नाही, हे येथे नमूद करतो.

आमचे घर उमरोळीला, स्टेशनच्या पश्चिमेस, नारळी-केळींच्या वाडीत. वाडीच्या एका अंगाला पानवेली आणि मधोमध विहिरीवर रहाट. सकाळी बैल जुंपला की रहाट कुरकुरू लागे आणि तो थांबला की घरातल्या सर्वांना एकाच वेळी भूक लागे, अशी सवय झाली होती. आई तांदळाच्या भाकऱ्या थापी, चुलीच्या निखाऱ्यावर सुके बोंबील भाजी आणि त्याच्या वासाने शेजारची मांजरे कुंपणावर येऊन बसत. थंडीत वडील वाडीतच खड्डा करून उकडहंडी लावीत. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वर पाल्याचे तोंड आणि भोवती जाळ. ते मडके फोडताना येणारा वाफेचा वास मी पुढे अनेक पुस्तकांत शोधला. स्वयंपाकाच्या पुस्तकात साहित्य व कृती दिलेली असते, वास दिलेला नसतो.

यमूआत्या ही वडिलांची धाकटी बहीण. वाणगावला दिलेली. सहा वर्षे नांदली आणि एका दुपारी एक पिशवी घेऊन गाडीने परत आली. का आली हे तिने सांगितले नाही आणि वडिलांनी विचारले नाही. आईने ताटात भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशीपासून आत्या ओटीवर बसून विड्याची पाने लावू लागली. तिचा हात विलक्षण चाले. डागाळलेले पान बोटाला नुसते लागताच बाजूला पडे, नजर लागत नसे. त्यामुळे तिचे डोळे आणि कान दोन्ही मोकळे असत आणि त्या मोकळ्या कानांसाठी मी रोज दुपारी पुस्तक वाचीत असे. तिला अक्षर येत नव्हते. पण वाचताना मी एखादी ओळ गाळली तर तिला ते कळे. "मदला का खाल्ला?" असे ती विचारी. मी मागे जाऊन ती ओळ वाचीत असे.

सातवीनंतर वडिलांनी मला पालघरला, कचेरीसमोर चिंचेखाली बसणाऱ्या विनूतात्यांच्या हाताखाली ठेवले. तात्या जुने अर्जनवीस. त्यांचा मोडी आणि बाळबोध दोन्ही लिपींवर हात होता आणि नाकावर चष्मा नसला तरी ते चष्म्यावरून पाहिल्यासारखे पाहत. त्यांच्याकडे एक जाड वही होती. तिचे तीन भाग: निकाली, चालू, प्रलंबित. ज्या पक्षकाराचे काम झाले तो निकाली, ज्याची तारीख पडली आहे तो चालू, ज्याचा कागद अजून लिहायचा आहे तो प्रलंबित. "दामू, जगात चौथा भाग नाही," तात्या म्हणत. "माणूस असो, जमीन असो, या तिन्हींत कुठेतरी बसतोच." ती विभागणी मला इतकी पटली की त्याच आठवड्यात मी स्वतःची वही केली आणि तिच्यात पुस्तके बसविली.

पालघरच्या वाचनालयात तेव्हा साडेतीन कपाटे होती. चौथ्याच्या खालच्या फळ्या वाळवीने नेल्या होत्या. विषयांचा भेद मी कधी केला नाही. माझ्या वहीत 'निकाली' या मथळ्याखाली हिमालयातील प्रवासाचे एक वर्णन, चार रहस्यकथा, एक संगीत नाटक (गाणी सोडून), घरगुती औषधांचे पुस्तक, मराठा सरदारांवरची जाडजूड कादंबरी आणि चिकूची कलमे बांधण्याविषयीची सचित्र पुस्तिका होती. या पुस्तिकेवरून मी वडिलांना दोन सूचना केल्या. त्यांनी एक मानली आणि ते कलम जगले. 'चालू'मध्ये नेहमी दोन पुस्तके असत: एक माझे, ग्रहताऱ्यांसंबंधी, जे मी सकाळी वाचीत असल्यामुळे काहीही ताडून पाहता येत नसे; आणि दुसरे आत्याचे. 'प्रलंबित'मध्ये जे पाहिलेच नव्हते ते सारे. कोणाच्या तोंडून ऐकलेली, कोणत्या तरी पुस्तकाच्या मागच्या पानावर 'लवकरच प्रसिद्ध होत आहे' म्हणून छापलेली, कधी प्रसिद्ध झाली की नाही कोण जाणे. ते पान मला सर्वांत प्रिय होते. वाचून झालेल्या पुस्तकाचा अभिमान वाटतो, पण यायच्या पुस्तकासाठी माणूस दुसऱ्या दिवशी उठतो.

आजही माझी वही चालू आहे. या महिन्यात निकाली: एका परिचारिकेचे आत्मचरित्र आणि समुद्री कासवांवरचे एक पुस्तक. चालू: एक इतिहास, लांबट, पण लेखक प्रामाणिक आहे. प्रलंबित: सव्वीस. माझा मुलगा म्हणतो, बाबा, आता नवीन घेऊ नका. त्याला मी एवढेच विचारतो की कचेरीने नवीन अर्ज घेणे कधी बंद केले आहे काय?

आत्याचे चालू पुस्तक ही लाल पुठ्ठ्याची एक सामाजिक कादंबरी होती. मूळचे वेष्टन आणि पहिली काही पाने केव्हाच गेलेली. वाचनालयाने लाल कापडात बांधून वर क्रमांक चिकटविला होता. नोंदवहीत 'कादंबरी, जुनी, नाव नाही' एवढाच उल्लेख. लेखक कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. तीत मथुरा नावाची बाई होती. नवरा मारकुटा नव्हता, व्यसनी नव्हता. नुसता बोलत नसे. घरात ती आहे की नाही, हे त्याने कधी दाखविलेच नाही. बाराव्या प्रकरणात मथुरा घर सोडून खाडीच्या धक्क्यावर येते. होडी सुटायची आहे. नावाड्याने बांबू पाण्यात रोवला आहे. इतक्यात मागून हाक येते. नवरा धापा टाकीत आलेला आहे आणि आयुष्यात प्रथमच तिचे नाव घेतो. तेथे प्रकरण संपले आणि तेथेच मी त्या दुपारी पुस्तक मिटले, कारण आईने पाणी शेंदायला हाक मारली. आत्या पाने लावायची थांबली होती. हे मी तोपर्यंत कधी पाहिले नव्हते.

त्याच आठवड्यात वाणगावहून आत्याचा दीर नारळ घेऊन आला. ओटीवर बसला, पाणी प्याला, वाडीची चौकशी केली आणि मग म्हणाला, "वैनी, झाला गेला सोडा. घर तुमचाच हाय. तो पन आता म्हनतो, आना तिला."

आत्याने पानांची चवड पुढे ओढली. "बगू."

"बगू का? हो नायतर नाय सांगा. आमाला पन लोकाना तोंड द्यायला लागते."

"पुस्तक पुरा होऊ दे," आत्या म्हणाली. "मंग सांगते."

दीर माझ्याकडे, मग वडिलांकडे पाहू लागला. "कोनचा पुस्तक? पोथी लावली हाय का?"

वडील खाली मान घालून सुपारी कातरत होते. "पोथीच समजा," ते म्हणाले. "पंधरा दिवसात उत्तर देतो." दीर नारळ ठेवून गेला. तो नारळ कोणी फोडला नाही. ओटीच्या भिंतीतल्या देवळीत तसाच राहिला आणि येताजाता सर्वांची नजर त्याच्याकडे जाई.

आता माझा अपराध. तो कबूल केल्याशिवाय पुढची हकीकत नीट लागणार नाही. वाचनालयाला कोणा दात्याकडून नव्या पुस्तकांची पेटी येणार होती आणि नियम असा ठरला की ज्या सभासदाने सर्वांत अधिक पुस्तके वाचून पूर्ण केली असतील त्याला त्या पेटीवर पहिला हक्क. मोजदादीसाठी शनिवारी सर्व पुस्तके परत करावयाची आणि सोबत वाचलेल्या पुस्तकांची यादी द्यावयाची. मी फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, विनूतात्यांच्या वळणाने यादी लिहिली. मथळा दिला: 'निकाली पुस्तके'. खाली एकेचाळीस क्रमांक. त्यांपैकी पाच पुस्तके मी पूर्ण वाचली नव्हती, हे आज प्रथमच लिहीत आहे. लाल कादंबरी त्या पाचांत होती. चाळीस पाने राहिली होती, कारण यादीच्या नादात मी आठवडाभर दुपारी ओटीवर बसलोच नव्हतो. सोमवारी पेटी फुटली की तीच पुन्हा घरी आणावयाची, दोन दुपारींत संपवावयाची आणि लबाडीचे सत्य होऊन जाईल, असा माझा विचार होता. ग्रंथपाल मास्तर आजारी असल्याने यादी कार्यवाह कांतिभाईंच्या हाती दिली. त्यांनी अक्षर पाहून मान डोलावली. "सरस लिहिला, दामूभाई."

सोमवारी वाचनालयात गेलो तो एक कपाट जवळजवळ रिकामे. फळ्या ओल्या फडक्याने पुसून ठेवलेल्या. कांतिभाई खुर्चीवर प्रसन्न बसले होते.

"पुस्तके कुठे गेली?"

"निकाल केला," ते म्हणाले. "तुझ्या यादीप्रमाणे एकेक क्रमांक जुळवून. नवी पेटी येणार तर जागा नको काय? मी कमिटीला सांगितला, हा पोरगा आहे म्हणून काम झाला, नाहीतर मास्तर वर्षभर यादी करीत बसले असते."

मी म्हणालो, "कांतिभाई, निकाली म्हणजे वाचून झालेली!"

"वाचून झालेली तर मग ठेवायची कशाला?"

"निकाली म्हणजे... काम पूर्ण झालेले. कचेरीत म्हणतात तसे."

"हे बघ भाई," कांतिभाई म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच शंका उमटली. "आमच्या दुकानात दिवाळीनंतर जुन्या मालाचा निकाल करतात. आमच्या गुजरातीत निकाल म्हणजे माल काढून टाकायचा. तू मोठ्या अक्षरात वरती लिहिलास निकाली. मी काय समजायचा?"

आजही मला त्यांचा दोष दिसत नाही. एक शब्द कचेरीत एक अर्थ घेऊन बसतो, रस्ता ओलांडून कापडाच्या दुकानात गेला की दुसरा. पालघरच्या बाजारात मराठी आणि गुजराती एकाच ओट्यावर बसत असल्यामुळे हा रस्ता फारच अरुंद होता. तेव्हापासून मी कोणत्याही अर्जात हा शब्द वापरल्यास त्यापुढे अर्थ लिहितो. साहेब हसतात, हसोत.

पुस्तके रद्दीत बोईसरच्या एका किराणा दुकानदाराकडे गेली होती. तारापूरच्या कामावर ठिकठिकाणची माणसे आली होती, बोईसरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती आणि पुड्यांचा कागद कोणाला पुरत नव्हता. मी दुपारच्या गाडीने गेलो. स्टेशनातून बाहेर पडतो तो एका दगडावर बसलेला एक मजूर फुटाणे खात होता आणि त्याच्या हातातल्या पुडीवर मराठी छापील ओळी होत्या. मी वाकून वाचू लागलो.

"क्या देखता है?" त्याने विचारले.

"ये कागज हमारा है."

"चना मेरा, तो कागज भी मेरा." त्याने पुडी छातीशी धरली. मग त्यालाच कुतूहल वाटले. "लिखा क्या है इसमें?"

माझी हिंदी त्या काळी कच्ची होती. तरी मी त्याला पान वाचून, होईल तसे समजावून सांगितले. बंगल्याच्या दिवाणखान्यात सारे जमले आहेत, फौजदार दार लावून घेतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे. पान संपले.

"फिर?"

"फिर दूसरे कागज पे."

"तो ढूँढो!" तो उठलाच. उरलेले फुटाणे त्याने एकदम तोंडात टाकले आणि पान मला दिले. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या बाजारातून जमिनीवर पडलेले, गुळाने चिकटलेले, मिठाने भिजलेले कागद उचलले. प्रत्येक कागद तो मला दाखवी. "ये देख, खूनी मिला?" एकावर बद्धकोष्ठाचा उपाय निघाला, दुसऱ्यावर शनीची कडी. खुनी काही मिळाला नाही. शेवटी त्याने मला दुकानाच्या पायरीशी नेऊन उभे केले आणि शेठजींना म्हणाला, "बाबूजी को किताब दो, आधा किस्सा सुना के रुलाया है."

शेठजींनी पोते दाखविले. सतरा पुस्तके शिल्लक होती. लाल पुठ्ठा मला वरूनच दिसला आणि माझ्या जिवात जीव आला. पण उघडून पाहतो तो बाराव्या प्रकरणानंतर नुसती शिवण. प्रत्येक पुस्तकाची तीच गत. शेठजी पाने मागून फाडीत. "पुढून फाडला तर पुठ्ठा लगेच सुटते," त्यांनी मला समजावले, "मागून घेतला तर शेवटपर्यंत धरून राहते." धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. परिणामी सतराच्या सतरा पुस्तके पुढच्या बाजूने होती तशी सुखरूप होती आणि शेवट मात्र बोईसर परिसरात जिऱ्यामोहरीच्या पुड्या होऊन घरोघर पोहोचले होते.

पोते परत द्यायला शेठजी सहजी तयार नव्हते. मी कचेरीसमोर बसतो असे म्हणताच ते मऊ झाले. मजुरांना घरी पत्रे टाकण्यासाठी स्टेशनपर्यंत जावे लागे. दुकानासमोर टपालपेटी बसली तर गिऱ्हाईक वाढेल, असे त्यांच्या मनात कधीचे होते. मी तेथेच, गुळाच्या ढेपेवर फळी ठेवून, 'बोईसर बाजारात टपालपेटी बसविणेबाबत' असा अर्ज लिहून दिला. माझ्या एकट्याच्या हातचा हा पहिला अर्ज. तो मंजूर झाला आणि पेटी बसली. विनूतात्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी अर्जाची नक्कल वाचली आणि 'बाबत'पुढचा पूर्णविराम तेवढा खोडला.

पोते डोक्यावर घेऊन घरी आलो. वडील रहाटाजवळ बैलाला चारा घालीत होते. लाल पुस्तक त्यांनी माझ्या हातून घेतले, मागची शिवण अंगठ्याने चाचपली. दिराला सांगितलेल्या पंधरांपैकी अकरा दिवस उलटून गेले होते.

"नाय का शेवट?"

"नाही, दादा."

त्यांनी बैलापुढे आणखी एक पेंढी टाकली. मग म्हणाले, "तू लिवतोस ना आता? चार पाना लिव. बाई नवऱ्याबरोबर गेली म्हनून लिव."

"दादा, पण पुस्तकात..."

"पुस्तकात का हाय ते तुला म्हायती हाय का? नाय ना. मंग गेली असा लिवला तर कोनाचा काय बिगडला?" त्यांचा आवाज खाली आला. "मी हाय तवर ठीक हाय, दाम्या. माज्या मागे तिला कोन?"

वडील दुष्ट नव्हते, हे कोणी विसरू नये. त्यांना बहिणीची काळजी होती आणि काळजीला दुसरी वाट सुचत नव्हती. आणि मला, खरे सांगायचे तर, आपण छापील पुस्तकाच्या तोडीचे लिहू शकतो हे दाखविण्याची संधी सोडवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंचेखाली बसून चार पाने लिहिली, पुस्तकात घातली आणि दुपारी ओटीवर, आवाज न बदलता, वाचू लागलो. आत्याचे हात पानांवर चालले होते. धक्का आला, होडी आली, नवऱ्याने नाव घेतले. मी पुढे वाचले: "तदनंतर सदरहू मथुरा हिने पतीच्या विनंतीस मान देऊन, मागील कोणतीही तक्रार शिल्लक न ठेवता, राजीखुशीने स्वगृही परत जाण्याचे कबूल केले."

हात थांबले.

"कोन मथुरा?"

"सदरहू मथुरा."

"पयला तर कोनी तिला असा नाय म्हटला. धक्क्यावर आली आनि सदरहू झाली?" आत्याने हात पुढे केला. मी कागद दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने तो नाकाशी नेला. "शाई ओली हाय अजून." मग माझ्याकडे पाहून तिने विचारले, "दादान सांगितला?"

मी पुस्तक मिटले. वाडीतला रहाट थांबला होता. वडील ऐकत असावेत.

"तुला पुडचा म्हायतीच नाय ना?"

तेव्हा मी सर्व सांगितले. यादी, एकेचाळीस, त्यांतली पाच, पेटीवरचा पहिला हक्क. तिच्या पुस्तकावर न वाचताच शिक्का मारून मी ते हातचे घालविले, हेही सांगितले. मला वाटले ती रागावेल. ती हसू लागली. मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. "म्हंजे तू पन माज्याबरोबर धक्क्यावरच उबा! आनि मी समजत होते, पोरगा पुडे जाऊन बसलाय, मला फकस्त सांगत नाय."

मग तिने पानांची टोपली बाजूला सारली. "कागद घे. वानगावला लिव."

मी कागद घेतला, समास सोडला.

"लिव, मी येत नाय."

मी लिहिले आणि लेखणी धरून थांबलो. "आत्या, कारण काय लिहू? कारण दिल्याशिवाय कागद अपुरा दिसतो."

"अर्जाला लागते कारन," आत्या म्हणाली. "अर्ज म्हंजे मागना. मी कोनाकडे का मागते? खाली माजा नाव घाल, बास."

मी आजवर हजारो कागद लिहिले. त्यांत त्यापेक्षा लहान आणि त्यापेक्षा पक्का कागद माझ्या हातून झालेला नाही. तीन शब्द, एक नाव आणि त्यापुढे आत्याचा अंगठा. वडील ओटीवर आले, पाय न धुताच. त्यांनी कागद मागितला, वाचला, घडी केली आणि दुपारच्या गाडीच्या आधी स्वतः स्टेशनात जाऊन टपालात टाकला. परत आल्यावर त्यांनी देवळीतला नारळ घेतला आणि वाडीत, विहिरीच्या कडेला, रुजत घातला. जेवताना ते म्हणाले, "यमे, पानाचा तो पूर्वेकडचा वाफा आजपासून तुजा. पीक पन तुजाच." आत्या म्हणाली, "वेली म्हाताऱ्या झाल्यात त्यातल्या. दुसरा दे." आणि तिला दुसरा मिळाला.

नव्या पेटीवरचा पहिला हक्क मला मिळाला नाही. तो मी सोडला, तोही लेखी. कांतिभाईंनी मात्र ग्रंथपाल मास्तर बरे झाल्यावर मला वाचनालयाच्या नोंदवहीचे काम दिले आणि जी सतरा पुस्तके परत आली त्यांच्या शेवटच्या पानावर 'पुढील पाने उपलब्ध नाहीत' असे मी माझ्या हाताने लिहिले. आश्चर्य असे की पुढील कित्येक वर्षे त्याच सतरा पुस्तकांना मागणी अधिक राहिली. लोक वाचून परत करताना पायरीवर बसून शेवटाविषयी भांडत.

वाणगावचे पत्र टाकल्यानंतर दोनएक दिवसांनी आत्याने मला पुन्हा कागद घ्यायला लावला होता. मला वाटले, निर्णय फिरला. "तसा नाय रे," ती म्हणाली. "माजा झाला ते झाला. पन तिचा का झाला ते कळायला नको? ज्यान लिवला त्याला इचार. हा मातर अर्ज हाय. नीट लिव." मी लिहिला. परंतु लेखकाचे नाव नाही, प्रकाशकाचे नाव नाही, तेव्हा तो कोणाला पाठवावा? मुंबई-पुण्याच्या दुकानांतून, प्रदर्शनांतून, रद्दीच्या ढिगांतून मी ती कादंबरी शोधली. लाल नव्हे, निळ्या, पिवळ्या, कोणत्याही पुठ्ठ्यात. मिळाली नाही. पत्त्याअभावी तो अर्ज आजपर्यंत माझ्याजवळ आहे आणि हे प्रकरण लिहिण्याचे खरे प्रयोजन तेच आहे, कारण छापलेला कागद पत्ता नसतानाही कोठेही पोहोचतो, हे मी बोईसरच्या बाजारात पाहिले आहे. अर्जाचा मजकूर आत्याच्या परवानगीने, भाषा किंचित आणि तिचे वय आजच्याप्रमाणे दुरुस्त करून, येथे देतो.

मेहरबान लेखकसाहेब, अथवा ते हयात नसल्यास त्यांचे वारस, अथवा सदर कादंबरीची पूर्ण प्रत ज्यांच्याकडे असेल असे कोणीही सद्गृहस्थ वा बाई यांचे सेवेशी, यमुना, राहणार उमरोळी, हिचा अर्ज की, आपल्या कादंबरीतील मथुरा हिला आम्ही खाडीच्या धक्क्यावर सोडून आलो आहोत. होडी सुटण्याच्या बेतात आहे आणि नवऱ्याने हाक मारली आहे. अर्जदार बाईचा स्वतःचा निर्णय पूर्वीच झालेला असून आपल्या उत्तराने त्यात फरक पडणार नाही, तेव्हा आपण निःसंकोच खरे सांगावे. अर्जदार आता सत्तरीत आहे, कान चांगले आहेत, वाचून दाखविण्यास भाचा दामू आहे. तरी मथुरा होडीत चढली किंवा कसे, आणि चढली असल्यास पैलतीरी तिला उतरून घेण्यास कोणी आले होते किंवा कसे, एवढे कृपा करून तिच्या हयातीत कळवावे. टपाल उमरोळीस सकाळी अकराच्या सुमारास येते. त्या वेळी ती ओटीवर असते.